बिटाची बटणं पुन्हा पुन्हा फुटतात? आधी भोकातली थरथर शोधा

तक्रार ठरलेली असते. साक्री घ्या, शिंदखेडा घ्या, पारोळा घ्या. नवीन साडेसहा इंची बटण बिट (बोअर पाडणाऱ्या हॅमरच्या टोकाचं, तोंडावर कठीण गोल बटणं बसवलेलं अवजार) लावलं, पहिल्या दोन-तीन बोअर मस्त गेल्या. मग एका बोअरमध्ये अडीचशे-तीनशे फुटांच्या पुढे गती पडली, रॉड खडखडायला लागले आणि बिट वर काढलं तर कडेची दोन बटणं गायब. दुसऱ्या कंपनीचं बिट आणलं, तरी पुन्हा तेच. रिगवाला शेठ म्हणतो, "मिस्त्री, बिटच खराब शे." बिट विकणारा म्हणतो ऑपरेटर खराब. ऑपरेटर म्हणतो खडक खराब.

हॅमर आणि बिट दुरुस्तीच्या टेबलावर बसून माझं मत असं झालंय की बहुतेक वेळा यातलं काहीच खराब नसतं. बिट खडकावर नीट टेकलेलं नसतं, नाहीतर नको तितकं दाबलेलं असतं, नाहीतर फिरण्याचा वेग खडकाला साजेसा नसतो. त्यातून जी थरथर तयार होते ती बटणांवर निघते. अडचण अशी की थरथर एका प्रकारची नसते. उभी असते, आडवी असते, पिळाची असते. एकीवर जो उपाय चालतो त्यानेच दुसरी वाढते. म्हणून "वजन कमी कर, आरपीएम (मिनिटाचे फेरे) कमी कर" असा सरसकट सल्ला कोणी फोनवरून देत असेल तर आधी त्याला विचारा, बिटाचं तोंड पाहिलं का?

शेतकऱ्यानेही हे वाचायला हरकत नाही. फुटलेल्या बिटाचा भुर्दंड शेवटी फुटाच्या दरातच वसूल होतो.

बिट धुतल्याशिवाय बोलू नका

गाळाने माखलेल्या बिटावरून काही कळत नाही. डिझेलने धुवा, तारेच्या ब्रशने घासा, पुसून कोरडं करा आणि उन्हात तिरपं धरा. मधली बटणं आणि कडेची बटणं वेगवेगळी पाहा. एका फेऱ्यात कडेच्या बटणाला सगळ्यात लांब अंतर कापावं लागतं, शिवाय भोकाची भिंतही तेच घडवतं. त्यामुळे रोग आधी तिथे दिसतो.

कडेच्या बटणाचा गोलावा झिजून त्यावर चकचकीत सपाट टिकली पडते. ती कुठे पडली आहे ते नीट बघा. बिट ज्या दिशेला फिरतं त्या दिशेच्या पुढच्या अंगावर टिकली सरकली असेल तर रोटेशन जास्त होतं. मागच्या अंगावर असेल तर कमी होतं. बरोबर डोक्यावर असेल तर वेग ठीक होता, फक्त धार लावायची वेळ आली. टिकलीचा व्यास बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांश झाला की बिट घासायला द्यायचं, हा जुना आणि पक्का नियम आहे. १५ मिलिमीटरच्या बटणावर ५ मिलिमीटरची टिकली म्हणजे हद्द झाली. त्यापुढे चालवलं की बटण खडकात शिरत नाही, नुसतं वर आपटतं आणि तो सगळा मार बटणाच्या बुडाशी आणि बिटाच्या पोलादात जातो.

आता बटण कसं गेलं ते. खोबण स्वच्छ रिकामी असेल, म्हणजे बटण अख्खंच्या अख्खं निसटलं असेल, तर पोलादाने त्याची पकड सोडली. बिट हवेत लोंबकळत असताना मार खात होतं, किंवा टिकली फार मोठी होईपर्यंत ते ओढलं गेलं. खोबणीत बुंधा तसाच आणि वरचं डोकं तिरकं तुटलेलं असेल तर बाजूचा फटका बसला. आडवी थरथर, तळाशी पडलेला लोखंडाचा तुकडा, केसिंगच्या (भोकात बसवलेल्या पाइपच्या) बुडाची कड, यातलं काहीतरी.

बटण टंगस्टन कार्बाइडचं असतं, कोबाल्टने बांधलेलं. सरळ दाब ते अफाट सोसतं. हॅमर मिनिटाला दीड हजार ठोके देतो असं धरलं तर तासाला नव्वद हजार झाले, आणि असे तासन्‌तास ते सहज काढतं. पण बाजूने मारलेला एक दणका किंवा ताण त्याला सोसत नाही. वाकणं त्याच्या स्वभावातच नाही.

काळ्या पाषाणाची एक फसवणूक

आपल्याकडचा खडक म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असतं, ते कानशीसारखं बटण खातं, टिकली लवकर दिसते आणि ऑपरेटर वेळेवर सावध होतो. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच (पोकळ्यांमध्ये भरलेली गारगोटी सोडली तर). म्हणून बटण झिजत नाही, उलट गुळगुळीत होतं. बघणाऱ्याला वाटतं बिट नव्यासारखं आहे.

भिंग लावून बघा. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक तड्यांची जाळी दिसेल. या कामातले लोक त्याला सापाची कातडी म्हणतात. वारंवार ठोके आणि उष्णतेने कार्बाइड थकल्याची ती खूण आहे. झीज होत असती तर हा थकलेला थर आपोआप निघून गेला असता. इथे तो निघत नाही, तडे खोल जातात आणि एके दिवशी बटणाचा पापुद्रा उडतो. इलाज सोपा आहे: टिकली पडलेली नसली तरी ठरावीक फुटांनंतर बिट हलकं घासून घ्यायचं. "अजून चांगलं आहे की" म्हणून हे टाळणारे शेठ मी रोज पाहतो. घासणावळ वाचते आणि बिट जातं.

टेकवण कमी की जास्त

आता मुख्य कारण. डीटीएच (डाउन द होल) हॅमर भोकात बिटाच्या मागेच बसतो आणि हवेच्या दाबावर चालतो. त्यात पिस्टन थेट बिटाच्या शेपटीवर आपटतो. बिट खडकावर घट्ट टेकलेलं असेल तर ठोक्याची लाट खडकात जाते आणि खडक फुटतो. टेकलेलं नसेल तर लाट बिटातच परत फिरते, आणि परतताना ती दाबाची राहत नाही, ताणाची होते. शँक (बिटाची शेपटी) तुटणं, चक (शेपटी धरणारा हॅमरचा भाग) झिजणं, रॉडचे आटे गरम होणं, बटणं निसटणं, ही सगळी तिचीच पिल्लं. वर उभं राहून ओळखायचं असेल तर: रॉड कोरडे खडखडतात, जोड सैल होतात, हॅमरचा आवाज भरीव न येता पोकळ, टणटणीत येतो.

जास्त दाबलं की उलट चित्र. रोटेशन अडखळतं, हायड्रॉलिकचा काटा उड्या मारतो, बिट फिरायला कुरकुरतं, मग एकदम झटका देऊन सुटतं. इथे कडेची बटणं ओढली जातात.

ढोबळ हिशेब असा: बिटाच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण ५०० पौंड टेकवण, म्हणजे बिटावरचं वजन. साडेसहा इंचीला ३२५० पौंड, म्हणजे सुमारे दीड टन. पहिल्या दोन-चार रॉडांना हे वजन रिगने वरून द्यावं लागतं. पण रॉडचं वजन वाढत जातं. तुमचा रॉड मीटरला १५ किलोचा असेल तर १०० मीटरला रॉडच दीड टन झाले. म्हणजे सव्वातीनशे फुटांच्या आसपास वरून दाब द्यायची गरजच उरत नाही, आणि त्यापुढे रिगने वजन वर तोलून धरायला हवं. फीडचा (रॉड खाली दाबण्याचा) लिव्हर मात्र सकाळी जिथे ठेवला तिथेच दुपारपर्यंत राहतो. वरच्या तक्रारीत "अडीचशे-तीनशे फुटांच्या पुढे" हा आकडा जो वारंवार येतो, तो उगाच येत नाही. आपल्या रॉडचं वजन एकदा काट्यावर करून घ्या, हॅमरचंही करा, आणि कितव्या रॉडला लिव्हर कुठे हवा ते केबिनमध्ये खडूने लिहून ठेवा.

पाणी लागल्यावर आणखी एक भानगड होते. रॉड जोडायला हवा बंद केली की भोकात पाणी चढतं. दहा मीटर पाण्याला साधारण १४ पीएसआय उलटा दाब, ६० मीटर चढलं तर ८५. हवा सुरू करताना बिट खडकावर दाबून धरलं असेल तर हॅमर अर्धवट चालतो, रोटेशन मात्र पूर्ण चालतं, आणि बटणं न ठोकता नुसती घासली जातात. बिट जरा वर घ्या, पाणी फेकू द्या, हॅमरचा आवाज भरीव झाला की मग टेकवा.

फेरे किती

साडेसहा इंच म्हणजे १६५ मिलिमीटर. परीघ ५१८. मिनिटाला ३० फेरे आणि दीड हजार ठोके धरले तर दोन ठोक्यांमध्ये कडेचं बटण सुमारे १० मिलिमीटर पुढे सरकतं. ६० फेऱ्यांना हेच अंतर २० मिलिमीटर होतं, म्हणजे पंधराच्या बटणापेक्षा जास्त. मध्ये न फुटलेला खडक राहतो आणि बटण त्यावरून ओढलं जातं. फार कमी फेऱ्यांना उलट होतं: आधी फुटलेल्या जागीच पुन्हा ठोका बसतो, चुरा बारीक पिठासारखा येतो आणि ताकद वाया जाते.

जुन्या लोकांचा एक नियम चांगला चालतो: तासाला जितके फूट जातात, मिनिटाला त्याच्या निम्मे फेरे. वीस फुटी रॉड वीस मिनिटांत गेला म्हणजे तासाला ६० फूट, फेरे ३०. तोच रॉड चाळीस मिनिटं घेत असेल तर फेरे पंधरावर आणा. आपल्याकडे नेमकं उलटं करतात. गती पडली की ऑपरेटर रोटेशन वाढवतो, कारण दूर उभ्या शेठला रॉड जोरात फिरताना दिसला की काम चाललंय असं वाटतं.

फेरे मोजायला यंत्र नको. रॉडवर खडूची रेघ मारा, मोबाईलमध्ये अर्धा मिनिट लावा, मोजा, दुप्पट करा. रेघ मारताना रॉड थांबलेला हवा. आणि कंपन अनुभवायला फिरत्या रॉडला हात लावणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडून विनंती: रिगच्या अंगावर हात ठेवा, तिथे सगळं कळतं.

थर बदलतो तेव्हा

एकसारख्या काळ्या पाषाणात बिट सहसा फुटत नाही, फुटतं ते सांध्यावर. आपल्याकडे घट्ट काळा पाषाण, त्याखाली मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा, नरम बेसाल्ट), मध्ये लाल गेरूचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण, असा क्रम चालतो. गेरूत बिट भसकन खाली जातं. ऑपरेटर खूश होऊन दाब आणि फेरे वाढवतो, आणि सात-आठ फुटांवर खालचा पाषाण तसाच अंगावर येतो. तो पृष्ठभाग सपाट नसतो. एका बाजूची दोन-तीन बटणं आधी आपटतात आणि सगळं वजन क्षणभर त्यांच्यावर येतं. लाल चिखल यायला लागला की फेरे कमी, फीड हातात, पाणी किंवा फेस सोडून भोक साफ, आणि खालचा थर लागल्यावर फूटभर हळू जायचं. एवढं पाळलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

साक्रीपासून नंदुरबारपर्यंत शेतांमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब रांगा गेलेल्या दिसतात. ते डाइक, जमिनीत जवळजवळ उभे घुसलेले डोलेराइटचे पडदे. त्यांच्या कडेला बोअर घेतात, कारण तिथे पाणी अडतं. पण भोक डाइकच्या उभ्या कडेला घासत गेलं तर बिटाची एक बाजू कठीण दगडात आणि दुसरी तडकलेल्या नरम भागात राहते. बिट मऊ बाजूला सरकतं, भोक वाकडं होतं, रॉड भिंतीला घासतात. रॉडवर एकाच बाजूला चमकणारे पट्टे दिसले तर हेच समजा. इथे बिट बदलून काही होत नाही. टेकवण कमी करून हळू जायचं, आणि जमिनीखाली फार उतरलेलं नसेल तर सरळ दुसरं भोक धरायचं.

आडव्या थरथरीची घरगुती कारणंही असतात. एखादा रॉड वाकलेला, आटे झिजलेले, हॅमरची बाहेरची नळी घासून बारीक झालेली, रिगचा जॅक एका बाजूने मातीत बसलेला. रॉड दोन ओंडक्यांवर ठेवून लोळवा, वाकलेला लगेच लंगडतो. तो बाजूला काढा, "शेवटी वर लावू" म्हणून पुन्हा घेऊ नका.

रावेर-यावलचा गाळ ही वेगळी दुनिया

तापीच्या उत्तरेला, फैजपूर-सावद्याच्या केळीच्या पट्ट्यात, वरचं सगळं सोडा. तिथे गाळ शंभर मीटरच्याही पुढे जातो आणि सातपुड्याच्या पायथ्याला वाळू, चिकणमाती आणि मोठे गोटे यांची मिसळ लागते. बेंटोनाइट मातीचं पाणी फिरवत रोटरीने काम चालतं, बिट तीन चाकांचं किंवा पात्याचं. ठोका नाही म्हणून थरथर नाही, असं कोणी समजू नये.

चिकणमातीत पात्याचं बिट चिकटतं. वरून रॉड फिरत राहतात, खाली बिट थांबलेलं, आणि मधले रॉड ओलं धोतर पिळावं तसे पिळत जातात. पीळ पुरेसा झाला की बिट सुटतं आणि वरच्या वेगाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने भिरभिरतं. तेल विहिरींत हजारो मीटर रॉड असतात, तिथे ही उघडझाप काही सेकंदांच्या तालात चालते आणि काट्यावर दिसते. आपल्या शंभर मीटरला ती नुसत्या झटक्यांसारखी जाणवते. इथे वजन कमी करायचं आणि फेरे वाढवायचे.

गोट्यांमध्ये तीन चाकांचं बिट उड्या मारतं. तळावर तीन उंचवटे तयार होतात आणि प्रत्येक फेऱ्यात बिट तीनदा वर-खाली होतं. ६० फेऱ्यांना सेकंदाला तीन दणके. रिगचा खांब त्याच तालात डोलतो, दोर थरथरतो. बेअरिंग जातात, दात तुटतात. पहिला उपाय फेरे बदलणं, वर किंवा खाली, ताल मोडेपर्यंत. मग वजन. बिटाच्या वर जड कॉलर (जाड भिंतीचे वजनदार रॉड) नसतील तर त्या घाला. हलक्या रॉडांवर वरून जोर देऊन भागवलं की रॉड वाकतात आणि आडवी थरथर सुरू होते.

आडव्या थरथरीचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे बिट स्वतःच्या मध्याभोवती न फिरता भोकात भोवंडत राहणं. कृत्रिम हिऱ्याच्या पीडीसी बिटांची दातं अवेळी का उडतात याचं हे कारण अमोको या तेल कंपनीच्या संशोधकांनी १९८९ साली मांडलं. त्यात दात मागे आणि बाजूला ओढले जातात, आणि मागून आलेला फटका हिऱ्याच्या थराला सोसत नाही. वर याची खूण फारशी दिसत नाही. भोक बिटापेक्षा मोठं होतं, कडेचे दात टवके उडालेले निघतात. याला उपाय चिकटण्याच्या बरोबर उलटा: फेरे कमी, वजन जास्त. कुठली थरथर आहे हे न ओळखता लिव्हर ओढला तर एक बरी करताना दुसरी ओढवते, ती अशी.

वही ठेवा

तेल विहिरींवर बिटाच्या मागे कंपन मोजणारी यंत्रं असतात. आपल्याकडे कान, काटा आणि चुरा. पण एक जुनी कल्पना आपल्याला फुकट वापरता येते. १९६५ साली टील नावाच्या अभ्यासकाने मांडलं की ठरावीक घनफळाचा खडक फोडायला किती ऊर्जा लागली ते बघा. तोच खडक, तेवढीच ताकद, आणि प्रगती निम्मी, तर उरलेली ताकद खडक फोडण्यात जात नाहीये. त्यासाठी दर रॉडमागे चार गोष्टी लिहा: किती मिनिटं, फेरे किती, हवेचा दाब, चुऱ्याचा रंग आणि जाडी. रंग तोच, दाब तोच आणि वेळ एकदम दीडपट झाली की थांबून बिट वर काढा. रॉड खोलायचा कंटाळा येतो हे खरं, पण एका फुटक्या बटणावर आणखी वीस फूट मारले की उरलेली बटणंही त्याच तुकड्यावर आपटून जातात.

बटण खाली राहिलंच असेल तर नवीन बिट थेट सोडू नका. जुनं, टाकाऊ बिट सोडा, कमी टेकवणीवर भरपूर हवा मारून तुकडा फोडा किंवा बाजूच्या भेगेत ढकला, चुऱ्यात चमकणारे कण यायचे थांबले की मग चांगलं बिट. त्याआधी दोन्ही बिटांचा व्यास मापा. झिजलेल्या बिटाने केलेलं भोक अरुंद असतं आणि नवीन बिट त्यात मध्येच अडकून कडेची बटणं गमावतं. नवीन बिट मोठं भरलं तर ते पुढच्या बोअरला ठेवा, आणि या भोकात जुन्याच्या मापाचं किंवा त्याहून किंचित लहान बिट घाला.